३० सीसीचं इंजिन, २० बाय १० चा प्रॉप आणि दुपारी हवेत बंद पडणारं कब: अमळनेरचं एक प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. विमान म्हणजे पायपर जे-३ कबचं रिमोटवर उडणारं क्वार्टर स्केल (खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याचं) मॉडेल, विंगस्पॅन १०६ इंच म्हणजे २.७ मीटर, पेट्रोल भरून वजन ८ किलोच्या आसपास, नाकात ३० सीसीचं सिंगल सिलिंडर टू स्ट्रोक पेट्रोल इंजिन आणि त्याच्यावर २० बाय १० चा लाकडी प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, व्यास २० इंच आणि पिच १० इंच (पिच म्हणजे एका फेरीत प्रॉप हिशोबाने जितका पुढे सरकतो ते अंतर). मालक अमळनेरचे आप्पा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, विमानांचा नाद फार जुना. हे विमान त्यांनी सेकंडहँड घेतलं आणि प्रॉप विमानासोबतच आला. तक्रार अशी की सकाळी सात वाजता विमान मस्त उडतं, अकरानंतर उडवलं की चार-पाच मिनिटांत इंजिन हवेतच बंद, आणि खाली उतरवून निंबाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की परत पहिल्या झटक्यात चालू. एप्रिल-मे महिना, आपल्या खान्देशात तेव्हा ४२-४३ डिग्री म्हणजे रोजचंच. कब हलकं तरंगणारं विमान आहे म्हणून इंजिन बंद पडलं तरी दरवेळी पडीक रानात नीट उतरलं, दुसरं एखादं जड विंग लोडिंगवालं (पंखांच्या मानाने जास्त वजनाचं) असतं तर पहिल्याच वेळी ढेकळांत त्याचा चुरा झाला असता.

ज्याने ज्याने पाहिलं त्याने कार्बोरेटरवरच बोट ठेवलं. डायफ्रामचं (कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्याचं) किट बदललं, प्लग बदलला, टाकीतला क्लंक (पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) आणि नळी तपासली. पेट्रोलवरही शंका आली आणि ती अगदी फालतू नव्हती, कारण आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून कार्बोरेटरच्या त्याच सुईवर (पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू) मिक्श्चर थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, शिवाय जुनं पेट्रोल ओल धरतं आणि डायफ्राम कडक व्हायला लागतो. पण ताजं पेट्रोल, नवीन किट, ३० ला १ ऑइल, सगळं करूनही दुपारचं दुखणं तसंच राहिलं. आप्पांचा फोन आला तो असा, "भाऊ, इंजिन बंद पडी गयं परत. आते काय करानं?"

मी गेलो तेव्हा पहिलं काम प्लग काढून पाहायचं केलं. चांगल्या चाललेल्या इंजिनच्या प्लगचं पोर्सेलिन चहासारखं तांबूस असतं, हे पांढरं फटक होतं. मफलर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन पाहिला, त्याच्यावर एक्झॉस्टच्या बाजूने बारीक उभे ओरखडे दिसायला लागले होते, म्हणजे पिस्टन गरम होऊन फुगत होता आणि सिलिंडरला घासत होता. याला सॉफ्ट सीझ म्हणतात. म्हणून तर थंड झाल्यावर इंजिन काहीच झालं नाही असं चालू व्हायचं. असंच चालू ठेवलं असतं तर एक दिवस पूर्ण जाम झालं असतं, आणि ३० सीसीचं पिस्टन-सिलिंडर आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

आता जरा विचार करा. दुपारची हवा गरम म्हणजे पातळ. कार्बोरेटर तेवढंच पेट्रोल सोडत असेल आणि हवा पातळ असेल तर मिक्श्चर उलट थोडं रिच (पेट्रोल जास्त) व्हायला पाहिजे. तरी दुपारीच इंजिन लीनची लक्षणं दाखवून बंद पडतंय याचा अर्थ असा की ते आधीच काठावर चालवलेलं आहे आणि तयार झालेली उष्णता बाहेर निघत नाही. मग प्रश्न सुईचा राहत नाही, इंजिनवर एवढं ओझं कशाचं आहे हा होतो. आणि मॉडेल विमानात इंजिनवर ओझं म्हणजे प्रॉप, दुसरं काही नाही.

टॅकोमीटर (मिनिटाच्या फेऱ्या म्हणजे आरपीएम मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय यावर बोलण्यात अर्थ नाही, माझं हे ठाम मत आहे. कानाने आरपीएम ओळखणारे खूप भेटतात पण मफलर बदलला की त्यांचा कान फसतो. टॅको खरं सांगतो का हे आधी पाहून घ्यायचं, त्याला खर्च शून्य आहे. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली टॅको धरा, दोन ब्लेडवर सेट करा, ३००० आलं पाहिजे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६०००, दोन ब्लेडने भागलं की ३०००. परदेशी लोक ३६०० लिहितात कारण त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्झची आहे. एलईडी ट्यूबवर हे बऱ्याचदा जमत नाही, आप्पांच्या दुकानात सुदैवाने जुनी ट्यूब होती.

शेपूट दोरीने निंबाच्या बुंध्याला बांधली, मध्ये कापूस मोजायचा हुकाचा लटकता काटा अडकवला म्हणजे ओढ किती तेही कळेल, आणि इंजिन गरम होऊ दिलं. कोणालाही प्रॉपच्या रेषेत बाजूला उभं राहू दिलं नाही, सगळे मागे. ही गोष्ट मी प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगत राहणार, २० इंची लाकडाचं टोक मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर असताना ताशी ५०० किमीच्या पुढे जातं, त्याचा एक तुकडा सुटला तर पुढे काय होईल ते कुणाला सांगायला नको. फुल थ्रॉटलवर रीडिंग आलं ५७०० च्या आसपास आणि काट्यावर ओढ साडेसहा किलो.

५७०० हा आकडाच सगळं सांगत होता. या साइजची सिंगल सिलिंडर पेट्रोल इंजिनं जमिनीवर साधारण ६८०० ते ७५०० ला खूश असतात, हवेत गेल्यावर प्रॉपवरचं ओझं थोडं हलकं होतं आणि आणखी काही शे फेऱ्या वाढतात. बॉक्सवर छापलेली हॉर्सपॉवर ८५०० वगैरेला मोजलेली असते, आणि तिथे आपण कधीच पोचत नाही. ३० सीसीच्या इंजिनसोबत येणाऱ्या कागदात बहुतेक १८ बाय ८, १८ बाय १०, १९ बाय ८, फार तर २० बाय ८ एवढेच प्रॉप दिलेले असतात. २० बाय १० त्या यादीत नसतोच.

प्रॉपचं ओझं काढायचा एक सोपा हिशोब आहे. व्यासाचा इंचातला आकडा चार वेळा मांडून आपसात गुणायचा आणि त्याला पिचने गुणायचं. ही काही अगदी शास्त्रशुद्ध किंमत नाही, ब्लेडची रुंदी आणि आकार वेगळा असला की फरक पडतो, पण एकाच कंपनीचे एकाच जातीचे प्रॉप आपसात तुलना करायला पुरेशी आहे. १८ बाय ८ चे होतात ८ लाख ४० हजार. १८ बाय १० चे साडेदहा लाख. १९ बाय ८ चे १० लाख ४२ हजार, म्हणजे १८ बाय १० इतकेच झाले. २० बाय ६ चे ९ लाख ६० हजार, २० बाय ८ चे १२ लाख ८० हजार. आणि आप्पांच्या २० बाय १० चे सरळ १६ लाख! १८ बाय ८ च्या जवळजवळ दुप्पट ओझं, आणि नुसतं दिसायला पाहिलं तर फक्त दोन इंच मोठा. यावरून लक्षात ठेवायला सोपं असं निघतं की या साइजमध्ये व्यास एक इंच वाढवणं आणि पिच दोन इंच वाढवणं इंजिनला जवळपास सारखंच पडतं. फेऱ्यांचं तर त्याहून कडक आहे, त्याच प्रॉपला १० टक्के जास्त आरपीएमने फिरवायचं तर ३३ टक्के जास्त ताकद लागते, घनाच्या हिशोबाने.

आप्पांना हा घनाचा हिशोब मी सांगायला लागलो तर त्यांनीच मला थांबवलं. ते म्हणाले हे तर पंपाचंच गणित आहे, पाच एचपीच्या मोटारीवर कोणी मोठा इंपेलर बसवला की ती जास्त अँपिअर ओढते आणि आठ दिवसांत वाइंडिंग जळून माझ्या दुकानात येते, शेतकरी म्हणतो मोटार खराब दिली. बरोब्बर तेच. फरक एवढाच की मोटार अँपिअर वाढवून ओझं ओढायचा प्रयत्न तरी करते, पेट्रोल इंजिनला ते जमत नाही, त्याच्या फेऱ्या पडतात आणि ते आपल्या पॉवर बँडच्या खाली जाऊन रखडत चालतं. पिस्टन हळू चालतो म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला जळता गॅस पिस्टनच्या डोक्याला जास्त वेळ भाजतो, इग्निशन मात्र या फेऱ्यांवर पूर्ण अॅडव्हान्सला आलेलं असतं (ठिणगी जितकी लवकर पडायची तितकी लवकर पडते), त्यामुळे भरल्या ओझ्यावर डिटोनेशन, म्हणजे गॅस नीट न जळता एकदम भडकणं, व्हायची भीती. वर विमान पुरेसं ओढत नाही म्हणून पायलट थ्रॉटल खाली आणतच नाही. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे फेऱ्या कमी वाटतात म्हणून आधीच्या मालकाने हाय स्पीडची सुई आवळत आवळत नेली होती, आवळली की शंभर-दोनशे फेऱ्या वाढल्यासारखं दिसतं, पण टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तापलेलं इंजिन, लीन मिक्श्चर आणि कमी ऑइल, दुपारी बंद पडणार नाही तर काय होणार.

बरं, एवढं सोसून मिळत काय होतं? इथे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं कारण बहुतेक लोक मोठा प्रॉप याच आशेने लावतात. प्रॉप हवेला किती वेगाने मागे ढकलू शकतो तो वेग काढायला पिच गुणिले आरपीएम करायचं आणि ६५६ ने भागायचं, उत्तर ताशी किमीमध्ये येतं. २० बाय १० ला ५७०० वर हा वेग ८७ किमी. आम्ही नंतर त्याच काट्यावर, त्याच दुपारी १९ बाय ८ लावला, सुई परत सेट केली, ६९०० आलं. त्याचा वेग ८४ किमी. म्हणजे वेगात फरक जवळपास नाहीच, आणि ओढ साडेसहावरून सात किलो झाली! लहान प्रॉपने जास्त ओढलं. १८ बाय ८ लावला तर ७४०० फेऱ्या, ९० किमीचा वेग, ओढ मधली. २० बाय ६ ला ७००० च्या आसपास, ओढ १९ बाय ८ इतकीच पण वेग फक्त ६४ किमी.

या चारमधून निवडायचं कसं हे विमान ठरवतं. ८ किलोचं हे कब साधारण ताशी ३७ किमीला स्टॉल होतं, म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख विमान उचलून धरत नाहीत, आणि प्रॉपचा वेग स्टॉलच्या दोन ते अडीच पट असला म्हणजे विमान आरामात उडतं असा जुना अंदाज आहे, म्हणजे ७५ ते ९० किमी. २० बाय ६ वर कब लिफ्टसारखं वर चढतं, शांत हवेत बघायला फार सुंदर, पण मे महिन्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो तो काय असतो हे साक्रीच्या ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या पाहिलेल्या माणसाला सांगायला नको, ताशी ३० किमी वाऱ्यासमोर ६४ चा प्रॉप घेऊन गेलात तर विमान हवेत जवळजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं, लवकर घरी येत नाही. १८ बाय ८ इंजिनला सगळ्यात हलका, पण कबसारख्या हळू, जाड, काड्या-दांड्यांनी भरलेल्या विमानाला मोठी थाळी बरी, जास्त हवा धरून कमी वेगाने ढकलणारी. म्हणून १९ बाय ८. एखादं पॅटर्न (कसरतीचं) किंवा रेसर टाइप साफ विमान असतं तर मी त्याच इंजिनवर १८ बाय १० लावला असता, ओझं तेवढंच, वेग जास्त.

आप्पांच्या मनातून २० इंची जात नव्हता कारण त्यांना वाटायचं खऱ्या कबसारखा मोठा प्रॉप छान दिसतो. मग खऱ्या कबचाच आकडा काढला. जे-३ वर ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल ए-६५, ते २३०० आरपीएमला पूर्ण ताकद देतं, आणि त्याच्यावर बहुतेक वेळा ७२ इंची लाकडी प्रॉप असतो. ७२ ला चारने भागा, १८ इंच. म्हणजे १९ इंचीसुद्धा स्केलपेक्षा मोठाच आहे. हे ऐकल्यावर त्यांचं समाधान झालं, गणितापेक्षा याच गोष्टीने झालं असं मला वाटतं.

मोठा प्रॉप हळू फिरवणं ही कल्पना वाईट नाही, उलट कार्यक्षमतेला तीच चांगली. राइट बंधूंनी १९०३ साली साडेआठ फुटी प्रॉप चेन लावून इंजिनपेक्षा कितीतरी कमी वेगाने, मिनिटाला साडेतीनशे फेऱ्यांच्या आसपास फिरवले. पण त्यांच्याकडे चेन होती, म्हणून इंजिन आपल्या मर्जीच्या फेऱ्यांवर आणि प्रॉप आपल्या. आपलं मॉडेल इंजिन थेट शाफ्टवर प्रॉप घेऊन बसलंय, इथे दोघांना एकाच फेऱ्यांवर संसार करायचा आहे, मग इंजिनला जे मानवतं ते प्रॉपने ऐकलंच पाहिजे.

उलट्या बाजूची चूकही होते, तीही सांगून ठेवतो. फार लहान प्रॉप लावला, समजा याच इंजिनला १७ बाय ६, तर जमिनीवर एकदम झकास पळतं, आवाज मोठा, पण विमान नाक खाली करून येताना फेऱ्या कुठल्या कुठे जातात, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो, कंपन एवढं की सर्वोचे (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटारींचे) स्क्रू ढिले होतात. इंजिन वाचवायचं म्हणून लहानात लहान प्रॉप, हे खरं नाही.

प्रॉप बदलल्यावर प्रकरण संपलं का, नाही. हाय सुई थोडी उघडली, पीकपासून (सगळ्यात जास्त फेऱ्या येतात तिथून) दोनेकशे फेऱ्या रिचच्या बाजूला आणून ठेवली. सकाळचं उड्डाण एकदम गोड. दुपारी इंजिन बंद पडणं थांबलं पण उतरल्यावर हेड अजून जास्तच तापत होतं. इन्फ्रारेड गनने मोजताना एक काळजी घ्यायची, चमकत्या अॅल्युमिनियमवर ती खूप कमी दाखवते, म्हणून फिन्सवर (सिलिंडर थंड करणाऱ्या पात्यांवर) उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि तिथेच मोजलं. जुन्या प्रॉपवर १९० डिग्रीच्या वर जायचं, १९ बाय ८ वर १७० च्या घरात. आता कब बघा, खऱ्या विमानात सिलिंडर दोन्ही बाजूंना उघडे असतात, मॉडेलमध्ये त्या जागी खोटे सिलिंडर आणि खरं इंजिन आत काउलमध्ये (नाकावरच्या आवरणात) कोंबलेलं. समोरून हवा येते आणि सोपा रस्ता पाहून सिलिंडरच्या बाजूने निघून जाते, फिन्समध्ये शिरतच नाही. पातळ प्लायवूडचा बॅफल (हवा वळवणारा पडदा) कापून सिलिंडरच्या भोवती जेमतेम फट ठेवून बसवला, म्हणजे हवेला फिन्समधून जाण्याशिवाय रस्ताच नाही, आणि काउलच्या खाली बाहेर जायची जागा वाढवून आत येणाऱ्या जागेच्या अडीच पट केली. गरम हवा फुगते, तिला बाहेर पडायला जास्त जागा लागते. त्यानंतर दुपारी हेड १४० ते १५० मध्ये राहायला लागलं. दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या तर कशाने किती फरक पडला ते कळलं नसतं, म्हणून आधी फक्त प्रॉप आणि नंतर फक्त बॅफल.

उन्हाचा एक मुद्दा मला वेगळा सांगायचा आहे कारण तो टॅकोवर दिसत नाही. जानेवारीच्या १२ डिग्रीच्या सकाळपेक्षा मेच्या ४३ डिग्रीत हवा जवळपास १० टक्के पातळ असते. इंजिनला तेवढी हवा कमी मिळते म्हणून ताकद कमी होते, पण प्रॉपलाही तेवढीच पातळ हवा कापायची असते म्हणून ओझंही तेवढंच कमी होतं. परिणामी आरपीएम जवळजवळ तेच येतात. माणूस टॅको पाहतो आणि म्हणतो इंजिन तर ठीक आहे, मग विमान का उठत नाही. कारण ओढ १० टक्के कमी आहे, आणि त्यात विंगला पण उचलायला साधारण ५ टक्के जास्त वेग लागतो. त्यामुळे टेकऑफचा रन वाढतो, वाढू द्यायचा. हे भरून काढायला उन्हाळ्यात मोठा प्रॉप लावणं म्हणजे तापलेल्या इंजिनवर आणखी ओझं. धावपट्टी थोडी लांब करा, पेट्रोल कमी भरा, सकाळी उडवा. आणि डिसेंबरात सुई थोडी उघडायला विसरू नका, घट्ट हवेत तीच सेटिंग लीन पडते.

लाकडी प्रॉपबद्दल अजून एक गोष्ट फक्त आपल्या हवेमुळे. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं आणि मार्चनंतर इथली कोरडी हवा ते वाळवते, हब (प्रॉपचा मधला, बोल्टचा भाग) बारीकसा आकसतो आणि पावसाळ्यात घट्ट केलेले चारही बोल्ट उन्हाळ्यात ढिले निघतात. आप्पांच्या जुन्या प्रॉपच्या हबवर काळपट घासल्याचे डाग होतेच. आता प्रत्येक दिवशी पहिल्या उड्डाणाआधी बोल्टला चावी लागते. नवीन प्रॉपची भोकंही अंदाजे पाडू दिली नाहीत, जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) करून ड्रिल प्रेसवर पाडली आणि बॅलन्सरवर जड ब्लेड पाहून हलक्या ब्लेडच्या मागच्या बाजूला लॅकरचे हात देऊन बरोबर केलं. एवढ्यानेच कंपन कमी झाल्याचं आप्पांनी थ्रॉटल धरताना लगेच ओळखलं.

व्यास कमी झाल्याचा एक फायदा आम्ही धरलाही नव्हता. पट्टी म्हणजे काळ्या रानावर टाकलेला मुरूम, कडेला पऱ्हाटीचे खुंट आणि उन्हाळ्यात भेगा. २० इंची टोक शेपूट उचलल्यावर जमिनीच्या फार जवळ यायचं, ब्लेडच्या टोकांना खडे लागून लागून कुसळं निघाली होती. अर्धा इंच जास्त जागा मिळाली आणि नवीन प्रॉपची टोकं अजून साफ आहेत. जागा निवडताना डिजिटल स्कायच्या (ड्रोन-मॉडेल कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या सरकारी) नकाशावर हिरवा झोन पाहूनच निवडलेली आहे आणि ४०० फुटांच्या वर जायचं नाही हेही ठरलेलं, जळगाव विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर नकाशा पाहिल्याशिवाय टाकीत पेट्रोलच भरू नये.

सध्याची सेटिंग लिहून ठेवतो, ज्यांच्याकडे असंच विमान आहे त्यांना सुरुवातीला उपयोगी पडेल. क्वार्टर स्केल कब, ३० सीसी, १९ बाय ८ लाकडी, जमिनीवर ६९००, ऑइल ३० ला १, बॅफल लावलेला, अर्ध्याहून थोड्या जास्त थ्रॉटलवर आरामात फिरतं, फुल फक्त टेकऑफला. इंजिन अजून काही लिटर पेट्रोल पिऊन मोकळं झालं की शंभर-दोनशे फेऱ्या वाढतील असं दिसतंय, तसं झालं तर २० बाय ८ एकदा टॅकोवर पाहणार, ६५०० च्या खाली आला तर लगेच काढणार. आप्पांना पावसाळ्यानंतर कबने ग्लायडर ओढायचं आहे, त्याला वेग नको, ओढ पाहिजे, तेव्हा २० बाय ६ ची भोकं त्याच जिगवर आत्ताच पाडून ठेवली आहेत.